बगीच्यातले सतरा दगड

९ जानेवारी, गुरुवार

ट्रक आला. साडेअकराला. सतरा लाकडी पेट्या — आणि एकीवरही मालाचं नाव नाही, नुसते आकडे! मी ड्रायव्हरकडे बिल्टी, मालाची पावती, मागितली तर समीक्षा म्हणते, "बाबा, तुमी रिटायर झाले."

पेट्यांत दगड आहेत. झिम्बाब्वेचे. तिकडे शोना लोक दगड कोरतात, जगभर नाव आहे म्हणे. आमची समीक्षा नागपूरला शिल्पकला शिकली, मग हरारेजवळ आठ महिने त्यांच्यात राहून आली. मुंबईतलं प्रदर्शन संपलं, आता तेच दगड इथे, मालेगावच्या रस्त्यावर, आमच्या संत्र्याच्या बगीच्यात मांडणार. "हे भिंतीत ठेवाचे नसतात बाबा, उघड्यावर पाहाचे असतात." पाहणार कोण? इथे माणूस दगडाकडे पाहतो ते ठेच लागल्यावर!

सोबत एक बाई आहे. रुनाको. काही दगड तिनंच कोरलेले. उंच, चाळिशीची. आल्याआल्या गुडघ्यात जराशी वाकली, दोन्ही तळवे हलकेच वाजवले आणि माझ्या बायकोला, पंचफुलाला, "अमाय" म्हणाली. त्यांच्यात आईला अमाय म्हणतात. झालं — आमची बाई विरघळली! मला असं लवकर जवळ येणारं माणूस चालत नाही. तीस वर्षं तलाठी होतो. गोड बोलत आत आलेला प्रत्येक जण शेवटी एक कागद पुढे करायचा.

इथे लिहून टाकतो, कारण दुसरीकडे कुठे बोलता येत नाही. बगीचा विकायचा शब्द मी गोपीचंदला दिवाळीतच दिला आहे. तो प्लॉट पाडणार. जागा पंचफुलाच्या नावावर — तिच्या वडिलांनी दिलेली. तिला विचारलं तर ती नाहीच म्हणणार. पण माझे गुडघे गेले, मुलगा धीरज पुण्याहून दर रविवारी फोन करून तिकडे बोलावतो, दोघं म्हातारे इथे काय करणार? तिच्याच भल्याचं आहे. आज प्रदर्शनाच्या कागदांत विक्रीचं संमतीपत्रही ठेवून दिलं. सही झाली. सही करताना विचारत होती, "तुमी वाचलं न सारं?" वाचलं म्हणालो.

१० जानेवारी, शुक्रवार

सतरा पेट्या, पण एक लहान खोकं वेगळं. रुनाको ते आपल्या खोलीत ठेवते. काय आहे त्यात?

१२ जानेवारी, रविवार

उद्घाटन. वाटलं होतं वीस माणसं येतील. दीडशे आली! मालेगावहून शाळेतल्या बाई, इंझोरीचे पाहुणे, मोटरसायकलींची रांग रस्त्यापर्यंत.

दगड झाडांखाली मांडले आहेत. काही काळेकुळकुळीत, काही हिरवट. पक्षी की माणूस कळत नाही असा एक. दोन डोकी एका मानेवर असलेला एक. विहिरीकडच्या जुन्या झाडाखाली एक बाई — डोक्यावर भारा, पोट मोठं, चालते आहे. डोळे-नाक नावालाच. पण चालते आहे हे कळतं. सगळ्या बाया तिच्यापाशीच थांबत होत्या. मी रुनाकोला विचारलं, ही कोण? समीक्षानं उत्तर सांगितलं : "तिची आई आहे. अन् पोटात रुनाको."

शेजारचा जगदेव दोन वेळा बगीच्याच्या बांधावरून, धुऱ्यावरून, फिरला. दगडांकडे पाठ, नजर विहिरीकडे. त्याला माझ्या बगीच्यातून गाडीरस्ता हवा आहे, सहा वर्षं झाली. आज काय मोजत होता?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. पंचफुलानं हळदीकुंकू यंदा घरात न करता बगीच्यात ठेवलं. साठेक बाया. रुनाकोला हिरवं लुगडं नेसवलं. हसण्याचे आवाज घरापर्यंत. मी पडवीतूनच पाहिलं. पंचफुला जगदेवच्या बायकोशी बराच वेळ बोलत होती. मी जवळ गेलो तर गप्प!

१५ जानेवारी, बुधवार

शेंदूर!

सकाळी फिरून आलो तर भारा घेतलेल्या बाईच्या कपाळाला शेंदूर. पायाशी झेंडूची दोन फुलं, साखरेचे चार दाणे.

समीक्षा म्हणाली, "काल बाया आल्या होत्या, लावला असंल कोणी." तिला काय कळतं! मी सांगतो काय होतं ते, माझ्या नोकरीत चार ठिकाणी पाहिलं. आज शेंदूर. पंधरा दिवसांनी चौथरा. मग टिनाचं छप्पर, मग भंडारा, मग देवस्थानाची नोंद नि सगळ्यांना रस्ता, आणि मग ती जागा कोणी विकू शकत नाही नि घेऊ शकत नाही. गोपीचंदच्या कानावर गेलं तर तो मागे सरेल. ज्यानं कोणी लावला त्याला हे माहीत आहे.

रॉकेलच्या बोळ्यानं पुसून काढला. कुणाला सांगितलं नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

पुन्हा. पुन्हा पुसला.

१७ जानेवारी, शुक्रवार

पुन्हा! साडेसहाला गेलो तर नव्हता, नऊला पाहिलं तर होता. म्हणजे मी चहाला बसतो तेवढ्यात. माझ्या वेळा पाठ असलेलं माणूस आहे. जगदेवच्या ओट्यावरून आमची पडवी सरळ दिसते.

१८ जानेवारी, शनिवार

जगदेवच्या दारात जाऊन बोललो. शांतपणे बोलायचं ठरवलं होतं. झालं नाही.

"तुले रस्ता पाह्यजे तर तसा माग. देव कायले उभा करून राह्यला माह्या वावरात?"

तो बैलाला पेंड घालत होता. हातातली पाटी खाली ठेवली. "कोणता देव? उत्तमराव भाऊ, मोतीबिंदू झाला मले. तो दगड कोणता नि झाड कोणतं, धड दिसतबी नाही. एरवी सून हात धरून फिरवते."

मी म्हणालो, धुऱ्यावर काय मोजत होतास मग?

"पावलं मोजत होतो. विहिरीत पडू नाही म्हणून." मग हळू आवाजात — "अन् देवाचा राग तुमाले काहून येते, ते ठाऊक आहे मले. गोपीचंद तुमच्याकडं काहून येते ते साऱ्या गावाले ठाऊक आहे. वहिनीले सांगतलं का तुमी?"

मी तसाच परत आलो. जेवणात पंचफुलाच्या तोंडाकडे पाहत होतो. गावाला ठाऊक, तर तिला? काही दिसलं नाही. वांग्याची भाजी वाढली. "मीठ बरोबर आहे न?" एवढंच.

१९ जानेवारी, रविवार

आज माझीच चोरी पकडली गेली. रॉकेलनं त्या दगडाचं कपाळ पांढरं पडलं — कोड फुटल्यासारखं. रुनाको बोटानं चाचपत होती. वास घेतला. माझ्याकडे पाहिलं.

मग ते लहान खोकं आणलं. उघडलं — मेण! मधमाशीचं पिवळं मेण, दोन ब्रश, गॅसची छोटी बत्ती. दहा दिवस मी काय काय समजत होतो!

बत्तीच्या जाळानं तिनं दगड तापवला. हळूहळू, सगळीकडून. मग त्यावर मेण फिरवलं, ते पाण्यासारखं आत उतरलं. आणि काळा रंग परत आला, आतून वर आल्यासारखा. मी खुर्ची घेऊन शेवटपर्यंत बसलो. दोन तास. समीक्षाला म्हणालो, तिला विचार, आई आहे का अजून?

नाही. रुनाको पोटात असताना ती लाकडाचा भारा घेऊन रोज पाच कोस चालायची. रुनाकोनं आईचा दगड तीनदा कोरला, दोनदा फोडला. तिसऱ्यांदा आई चालायला लागली.

माफी मागायला हवी होती. इंग्रजीत येत नाही — असं मनाशी म्हटलं. मराठीतही कुठे मागितली.

२१ जानेवारी, मंगळवार

पकडलं!

चहा घेतला नाही. विहिरीच्या कठड्याआड बसलो. पावणेआठला आली — भुरीबाई! आमच्याकडे निंदणाला येते ती, मानोऱ्याकडच्या तांड्यावरची, कामाच्या दिवसांत गावातच राहते. पदराच्या गाठीतून पुडी काढली, करंगळीनं शेंदूर लावला आणि त्या दगडाच्या पोटावर हात ठेवून काहीतरी बोलत राहिली.

मी उठलो. "कोणी सांगतलं तुले? जगदेवनं? किती दिले त्यानं?"

ती इतकी दचकली की पुडी सांडली. "कोनी नाही जी साहेब."

"मग काहून करून राह्यली?"

"माही सून निता ऊस तोडाले गेली जी. पोरगाबी गेला. कोल्हापूरकडं. आठवा महिना लागला तिले, तरी मोळी डोक्शावर घेते. बारा दिवस झाले, फोन लागून नाही राह्यला. ही बाई अशीच चालते जी. म्या म्हनलं, हिले सांगून पाहू."

मला खरं वाटलं नाही. लिहितो तसं — नाही वाटलं. माझं सगळं आयुष्य लोकांची कारणं ऐकण्यात गेलं. म्हणालो, उद्यापासून बगीच्यात पाय ठेवायचा नाही. ती सांडलेला शेंदूर मातीसकट पदरात भरून गेली.

पंचफुला दाराशी उभी होती. सगळं ऐकलं असावं. म्हणाली, "इतकी वर्षं कागद पाह्यले तुमी. मानसं नाही पाह्यली."

२२ जानेवारी, बुधवार

पंचफुला नि रुनाको दोघी सकाळच्या बसनं मानोऱ्याला गेल्या, तिथून तांड्यावर. एकीला दुसरीची भाषा येत नाही! दुपारी भुरीबाईला घेऊन परत आल्या. कामावर. मला विचारलंही नाही.

रुनाको तिला दगडापाशी घेऊन गेली. समीक्षा मधे उभी राहून सांगत होती : "ती म्हनते, माह्या आईले देव नको करू. ती देव नव्हती, दमलेली बाई होती. शेंदूर नको लावू. पन बस तिच्यापाशी, बोल. तिले आवडंल."

भुरीबाई बसली. रुनाकोही बसली. पंचफुलाही. मी पडवीत.

२३ जानेवारी, गुरुवार

शेंदूर नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

पंचफुला दुपारी माझ्याजवळ येऊन बसली. संत्रं सोललं, अर्धं मला दिलं. मग म्हणाली, "काही सांगाचं आहे का तुमाले?"

जगदेवनं सांगितलं असेल? की नुसतं विचारते आहे? मी तिच्या हाताकडे पाहत होतो, चेहऱ्याकडे नाही.

"नाही," म्हणालो.

तिनं उरलेलं अर्धं संत्रं खाल्लं. मग साली गोळा करून आत गेली.

२६ जानेवारी, रविवार

शेवटचा दिवस. झेंडावंदन झाल्यावर शाळेची सगळी पोरं रांगेनं येऊन गेली.

अकराला भुरीबाई पळत आली. पळत! पोराचा फोन लागला — निता सुटली. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मोबाइल उसाच्या फडातल्या पाण्यात पडला होता, एवढीच गोष्ट! तिनं साखर वाटली. रुनाकोला, समीक्षाला, पंचफुलाला. मग माझ्यापाशी आली. मला वाटलं टाळेल. मूठभर साखर माझ्या तळहातावर ठेवली. "साहेब, तोंड गोड करा." मला वर पाहता आलं नाही.

संध्याकाळी वाटलं, गोपीचंदला नाही म्हणून टाकावं. दगडांवर ऊन होतं. ती बाई चालत होती. फोन हातात घेतलाही. तेवढ्यात धीरजचा आला — "बाबा, फ्लॅटवाला थांबणार नाही. बगीच्याचं कधी होते ते सांगा." या आठवड्यात, म्हणालो.

२७ जानेवारी, सोमवार

पेट्या भरल्या. ट्रक गेला. रुनाकोनं जाताना पुन्हा गुडघ्यात वाकून तळवे वाजवले — मलाही. दगड होते तिथे गवत पिवळं पडलं आहे, सतरा ठिकाणी.

गोपीचंद गुरुवारी येतो म्हणाला. ताजा सातबारा काढून ठेवा म्हणाला. उद्या काढतो.

२८ जानेवारी, मंगळवार

मालेगावला गेलो. माझंच जुनं कार्यालय. नव्या तलाठ्यानं उठून खुर्ची दिली, सातबारा हातात ठेवला.

भोगवटादार : समीक्षा. पंचफुलाच्या नावाला कंस पडलेला, म्हणजे नाव कमी झालेलं. बक्षीसपत्र अकरा डिसेंबरचं. फेरफार मंजूर चार जानेवारीला. नोटीस चावडीवर पंधरा दिवस लागलेली होती — मी रोज तिथूनच फिरायला जातो.

"सर, तुमाले तर माहीतच असंल," तो म्हणाला.

हो म्हणालो.