उजव्या बाजूला काही नाही

३ जुलै. पहाटे ५.
निश्चय. आजपासून दुर्बीण बंद. एकोणीस वर्षं मारा अभयारण्यात पाहुण्यांची गाडी हाकतोय, जनावर माझ्या आधी कुणाला दिसत नाही. मुलीनं नाकुरूहून पाठवलेला चष्मा डब्यातच बरा. चष्मेवाल्या गाईडवर पाहुण्यांचा विश्वास बसत नाही.

संध्याकाळी.
वायरलेसवर बिबट्या कळवला. अकरा गाड्या धावत आल्या. खोड निघालं. बिबट्या होताच, गाड्यांच्या आवाजानं पळाला. माझ्या शेजारी बसून जनावर हेरणारा स्पॉटर संकाले म्हणाला, किलोंझो, तुझ्या बिबट्याला पालवी फुटलीय. मी हसलो नाही.

९ जुलै.
परवान्यासाठी नजरेची तपासणी ३० तारखेला. संकालेनं कुठूनसा तक्त्याचा फोटो आणलाय. रोज चहाला बसवून ओळी घोकून घेतो. म्हणतो, तुझी पोरगी शिकून होईपर्यंत तू हाक, मी बघतो. मला गरज नाही. त्याला बरं वाटतं म्हणून घोकतो.

१५ जुलै.
संकालेला बजावलं, पाहुण्यांसमोर माझ्या आधी बोट दाखवायचं नाही. बरं मालक, म्हणाला. आजवर कधी मालक म्हणाला नव्हता.

२१ जुलै.
एका पाहुणीला झुडपाआड जायचं होतं. नियमाप्रमाणे झुडपाभोवती फेरी मारली. झुडूप उजवीकडे, ड्रायव्हरनं बघायचं. डावीकडचं गवत संकालेनं. त्यानं विचारलं, तुझ्याकडे काही? म्हटलं, काही नाही. नीट बघितलंस ना, म्हणाला. म्हटलं, एक दगड आहे, दगड ओळखतो मी.
पाहुण्यांच्या आधी स्पॉटर उतरतो. संकाले उतरला. दगड उठला. रानरेडा होता.
पुढचं लिहवत नाही.

२२ जुलै.
संकाले गेला. दवाखान्यात न्यायचं विमान यायच्या आतच.
रेडा सावलीत होता. कुणालाच दिसला नसता.

२४ जुलै.
पार्कच्या साहेबानं जबाबाचा कागद पुढे केला, वाचून सही कर म्हणाला. वाचल्यासारखं केलं, सही केली. घरी बायकोनं, म्वेंदेनं, प्रत वाचली. झुडपाकडे बघायचं काम स्पॉटरचं होतं, त्याची नजर चुकली, असं आहे म्हणे. तिनं विचारलं, हे तू सांगितलंस? म्हटलं, साहेबानंच लिहिलं. ताट वाढून ती आत गेली.
उद्या दुरुस्त करून घेणार. नक्की.

२५ जुलै.
टायर बसला. उद्या.

२८ जुलै.
साहेब कामात असणार. गेलो नाही.

३० जुलै.
तपासणी. तक्ता तोच होता. पहिली ओळ संकालेच्या आवाजात ऐकू आली. तोंड उघडलं आणि रडूच आलं. डॉक्टरला म्हटलं, भिंत दिसते, अक्षरं दिसत नाहीत. त्यानं परवाना खणात टाकला.
तिथून साहेबाकडे. म्हटलं, बाजू माझी होती, दगड मी म्हणालो. त्यानं नोंदवही चाळली. मग म्हणाला, फाईल नैरोबीला गेली. संकालेच्या बायकोला प्रत परवाच पोचली. तिनं थोरल्याकडून दोनदा वाचून घेतली.
चष्मा लावून लिहितोय. दारातून तिच्या गावाकडची वाट स्पष्ट दिसते. अजून निघालो नाही.