पाठीला कळलेला रस्ता

ता. ४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्यासारखीच अ‍ॅम्ब्युलन्स चालवायची म्हणून इथे परदेशात शिकायला आले खरी, पण शिकवणं काही संपत नाही. तुमच्या हाती पहिल्याच दिवशी किल्ली आणि पेशंट दोन्ही आले. इथे आधी आम्हालाच स्ट्रेचरवर बांधून फिरवतात, मागच्याला काय सोसावं लागतं ते कळावं म्हणून. सायरन वाजला की गाड्या आपोआप बाजूला होतात. खिडकीतून डोकं काढून ओरडायला नको, तुमच्या घशाला केवढा आराम पडला असता!

काल गंमत झाली. गाडी चालवताना समोर दिसेल ते मोठ्याने बोलायचं असतं. मी बोलत होते आणि मास्तरीणबाई नुसत्या बघत राहिल्या. मी तुमच्याच सुरात, आपल्या भाषेत म्हणत होते, खड्डा आहे, घट्ट धरा, आलंच हं हॉस्पिटल. नंतर रडूच आलं.

पास झाले तर इथेच कायमची नोकरी देतायत. काय करू?

आईला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची ठकी

ता. २० मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

नोकरी घे. इथे काय ठेवलंय?

आई म्हणते, खरं तेही लिहा. परवा छातीत कळ आली आणि माझ्याच गाडीतून मला नेलं. आता ठणठणीत आहे, घाबरू नकोस. उभा जन्म पुढे बसलो, मागे आडवा पहिल्यांदाच झालो. तुमचे लोक बरोबर शिकवतात, पाठीला रस्ता वेगळाच कळतो. नवा ड्रायव्हर गुणी आहे, हात हलका, पण तोंडातून शब्द काढेल तर शपथ! सगळी वळणं पाठ असूनही मी घाबरलो. शेवटी आईच आलंच हं, आलंच हं म्हणायला लागली, तेव्हा गाडी जेमतेम गल्लीबाहेर पडली होती.

तुझा आवाज हवा होता गं.

जिवाला जप.
तुझे बाबा

ता. ९ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पास झाले. नोकरीला नाही म्हटलं. मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला, पण निघताना मिठी मारली.

तिकडे रस्ता आपोआप मोकळा व्हायचा नाही, ठाऊक आहे. ओरडेन. घसा तुमच्यावरच गेलाय. त्या मुक्या ड्रायव्हरलाही बोलायला शिकवीन. तुम्ही मात्र आता माझ्या शेजारी बसायचं, मागे नाही.

घट्ट धरून बसा, बाबा. आलेच हं.
तुमची ठकी