हातमोज्यांवरच्या घड्या

आई, आज भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात जाऊन आले. तू काम करायचीस तो गाळा नव्हे, पण वास तोच, पॉलिशचा आणि तापलेल्या स्टीलचा. घरी येऊन हात धुतले आणि लिहायला बसले.

परदेशी गिऱ्हाइकाचा माणूस तपासणीला यायचा असला की शेठ आदल्या दिवशी तुम्हा बायकांना उत्तरं पाठ करायला द्यायचा. जेसल पार्कच्या आपल्या स्वयंपाकघरात तू पोळ्या लाटतेयस आणि मी, चौथीतली, ओट्याला टेकून साहेब झालेय. "हफ्ते में छुट्टी मिलती है?" "हां साब, हर संडे." "आई, खोटं! रविवारी पण जातेस की तू." तू लाटणं उगारतेस. "तू फक्त विचार गं. साहेब खूश झाला तर ऑर्डर राहील. शहाणपणा शाळेत दाखव." ताटांच्या धारेनं कापलेली तुझी बोटं मिठाच्या डब्यात गेली की तू हात झटकायचीस. हातमोजे मिळायचे ते त्या एका दिवसापुरते, संध्याकाळी परत. उत्तरं संपली की विचारायचीस, "बरोबर बोलले ना?" मी मान डोलवायचे.

आता ती तपासणी मी करते. माझ्या तक्त्याच्या पहिल्याच पानावर छापलंय की कामगाराचे हक्क जगात सगळीकडे सारखेच, आणि त्यावर देशोदेशींच्या सह्या आहेत. माझा त्यावर विश्वास आहे. हसू नकोस, खरंच आहे.

आज समोर बसलेली बाई, तू गेलीस त्या वयाची. हातमोज्यांवर पाकिटातल्या घड्या अजून तशाच. "छुट्टी?" "हां मॅडम, हर संडे." हातमोजे काढा, असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. उठताना ती हळूच मराठीत म्हणाली, "बरोबर बोलले ना, ताई?" आणि माझी मान आपोआप डोलली.

तक्त्यात शेवटचा प्रश्न असतो, कामगारांना उत्तरं पढवली होती का? 'हो' लिहिलं की ऑर्डर हातची जाते आणि सगळ्यात आधी ती बाई घरी बसते. 'नाही' लिहिलं तर तिची बोटं कापतच राहतात. मी 'नाही' लिहून तक्ता पाठवून दिला. हे पत्र तेवढं माझ्यापाशी राहील.

तिच्या पोटासाठी केलं, असं रिक्षात स्वतःला समजावत आले. पण आई, 'हो' लिहायला पेन टेकवलं तेव्हा मला ती बाई दिसलीच नाही. ओट्याला टेकून तुला पढवणारी मी दिसले.