करदोड्याची किल्ली

१४ मे १९८६, भिलाई

आज गावचा गणपत भेटला, तेव्हापासून डोकं भणभणून राहिलं. सौंसरच्या शाळेत पोरींच्या उन्हाळी वर्गात बाई शिवणासोबत सायकलही शिकवतात. माझी धाकटी बहीण सुमी, घरी ठेवलेली माझी सायकल नेत होती. बाबांनी सायकलले कुलूप ठोकून किल्ली करदोड्याला बांधली. म्हणे, "पोट्टीले शिवण शिकाले धाडलं, गावभर हिंडाले नाही!"

अन् लहानपणी मले त्याच सायकलवर संत्र्याची टोपली बांधून बाजारात कोण पिटाळत होतं? तेव्हा हिंडणं नव्हतं?

सुमी गणपतले म्हणाली, "करदोडा तुटंल तवा शिकीन." हसून म्हणाली म्हणे. हसली कशी?

करदोड्याला किल्ली! कुलपाची दुसरी किल्ली इथं माझ्या पेटीत आहे, हे बाबा विसरले. गणपत उद्या परत जाते. त्याच्या खिशात घालतो. सांगतो, सुमीच्याच हातात दे, बाबांच्या समोर दे.