होडीचे इंजिन आणि मोरू भावोजींचा हिस्सा

मी, सत्यवती अनंता नाखवा, वय एकाहत्तर, राहणार किहीम, तालुका अलिबाग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. घरातल्यांना विचारत बसू नये. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही, तेवढी कोणाची छाती नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर आणि मागची नारळाची जागा मुलगा जीवन याला. जीवन स्वभावाने गरीब आहे, पण जो शेवटी बोलेल त्याचे त्याला पटते. म्हणून घर विकायचे मनात आल्यास त्याने आधी बायकोची, म्हणजे केसरची, लेखी संमती घ्यावी.

कलम २. बँकेतली ठेव आणि मोहनमाळ नात प्राप्ती हिला. पाटल्या केसरला. माझ्या लग्नातली तांब्याची कळशी नणंद भागुबाईने दोन दिवसांसाठी म्हणून नेली, ती अजून तिच्याकडेच आहे. ती तिने ठेवावी. मात्र मी विसरले नव्हते, एवढे तिला वाचून दाखवावे.

कलम ३. जीप. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण भांडण इथेच होणार.

आमच्या किनाऱ्याला धक्का नाही. पावसाळ्याआधी सगळ्या होड्या वाळूवरून वर ओढाव्या लागतात आणि ते काम ही जुनी फोर व्हीलची जीप करते. तिचे पेट्रोलचे इंजिन कायमचे बंद पडले तेव्हा माझे पती हयात होते. त्याच वर्षी आमची होडी मोडीत निघाली. फळ्या कुजल्या होत्या, पण तिचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन ठणठणीत होते. मी म्हटले, हे जीपमध्ये बसवू. ह्यांनी कपाळाला हात लावला. "अगो, होरीचा इंजिन गारीन कसा बसंल?"

बसले. गिअरबॉक्सशी जोडायला जाड पत्रा कापून घेतला, इंजिनाचे पाय नव्या जागी वेल्ड केले, तेलाचे चेंबर पुढच्या ॲक्सलला अडत होते ते उथळ करून घेतले. होडीत हे इंजिन समुद्राच्या पाण्यावर थंड व्हायचे. जीपमध्ये समुद्र कुठून आणणार? म्हणून ट्रकचा रेडिएटर लावला, आणि ह्यांनी जन्माच्या सवयीने त्यात समुद्राचेच पाणी ओतले! एका पावसाळ्यात रेडिएटरची चाळण झाली. नव्या रेडिएटरवर मी तांबड्या रंगात 'विहिरीचे पाणी' असे लिहिले आहे. ते कोणी पुसू नये.

ही जीप मी सून केसर हिला देते. गेल्या मे महिन्यात शेजारच्या सदानंदची होडी ओढताना जीप वाळूत रुतली. जीवन उतरून फोन लावत बसला. केसरने पदर खोचला, चारही टायरांतली हवा कमी केली, खालच्या गिअरवर गाडी घेतली आणि होडी वर आणली. जीवनला जीप एका बंगलेवाल्याला विकायची आहे. तो म्हणे बॉनेटमध्ये बोगनवेल लावून ती फोटोसाठी उभी करणार. जिवंतपणी मी हे ऐकून घेतले, मेल्यावर ऐकून घेणार नाही.

कलम ४. मोडलेली होडी दोघा भावांची होती. इंजिन काढले तेव्हा धाकटे दीर मोरेश्वर, म्हणजे मोरू भावोजी, दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, म्हणून समुद्रात होते. "मी सांगतो त्याला," असे म्हणत ह्यांनी त्यांना शेवटपर्यंत सांगितले नाही. तेव्हापासून भावोजींचे एकच पालुपद, चारातली दोन सिलिंडरे माझी. जीप चढावर धापा टाकू लागली की ओटीवरून ओरडतात, "माजी दोन दमली, आता तुमची चालवा!" पण स्वतःची होडी जीपला बांधू देत नाहीत. माणसे लावून दोराने ओढतात. गेल्या वर्षी त्यात कंबर धरली. मला फार वाईट वाटले, हे इथे लिहिते, तोंडावर सांगणार नाही.

मला घोर एकच आहे. मी गेल्यावर भावोजी हिस्सा मागतील, त्या निमित्ताने जीवन गाडी विकून मोकळा होईल आणि केसर हात चोळत बसेल. म्हणून भांडणाला जागाच उरू नये यासाठी लिहून ठेवते, की अर्धे इंजिन मोरेश्वर यांचे आहे, पहिल्यापासून होते, आणि ते मी त्यांना देते.

कलम ५. पाने, जॅक, चेनपुली गाडीबरोबर. शेजारी सदानंद यांनी इंजिन बसवताना फार मदत केली, पण ते साक्षीदार आहेत. ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे वकील हेमांगीताई सांगतात. म्हणून त्यांना नुसते आभार.

पुढील हकीकत सहीच्या वेळची. दुसरा साक्षीदार निकेत ऐनवेळी रेवसला निघून गेला. ओटीवर मोरू भावोजी होते, आपल्या हिश्शाचे काय केले ते ऐकायला आलेले. त्यांना कलम ४ वाचून दाखवले. त्यांनी पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, "लिवलंस नं वयनी, माजा हाय म्हून?"

"व्हय," मी म्हटले.

"मंग झाला. आता खोर ता. मना सही कराची हाय."

हेमांगीताईंनी त्यांना समजावले, की खोडल्यावर हातात काही राहणार नाही. ते म्हणाले, "नको रावं. उद्या कोनी केसरला इचारला, गारी तुजी कशी, तर सांगाला मी हाय नं."

कलम ४ मधला देण्याचा मजकूर मी माझ्या हाताने खोडला आहे. एकच रेघ मारली आहे, वाचता येईल अशी. तेव्हा मला रडू आले, त्यामुळे रेघ वाकडी आहे. तिच्या शेजारी माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे.

ठिकाण : किहीम
दिनांक : १९ जानेवारी २०२५

लिहून देणार : सत्यवती अनंता नाखवा (सही)

साक्षीदार
१. सदानंद, शेजारी. या मृत्युपत्राने मला काही मिळत नाही. (सही)
२. मोरेश्वर नाखवा, दीर. या मृत्युपत्राने मला काही मिळत नाही. (सही)