तळणीचं तेल

३ मार्च
हे जाऊन दीड महिना झाला. नणंद आज पुन्हा बोललीच — "वहिनी, तुझा हात तेलाला सढळच. दादाचं काळीज काय लोखंडाचं होतं?" मी! जी चमच्याने मोजून तेल घालते! दोघांत महिन्याला एक लिटर, तेही पुरवून! आणि सासूबाई गप्प. ते गप्प बसणं जास्त झोंबलं. बघून घेईन एकेकीला.

६ मार्च
यांच्या डॉक्टरांना गाठलं. म्हणाले, "तेल कुठलं ते बघायचं, तसंच ते किती वेळा तापवलंय तेही. तेच तेच तेल पुन्हा तापवणं वाईट. वनस्पती तूपही नको. पण एकट्या तेलाने माणूस जात नाही हो, सिगारेट होती, वडिलांनाही हाच त्रास..." पुढचं मी ऐकलंच नाही.

९ मार्च
सापडलं! सासूबाईंना ताप, म्हणून खालच्या मजल्यावर त्यांच्याकडे स्वयंपाकाला गेले. ओट्याखाली डबा. तळणीचं तेल — काळंकुट्ट, चिकट, खवट. कधी टाकतच नाहीत, वरून नवं ओततात! शेजारीण म्हणाली, हे रोज कामावर जाताना तिथे थांबायचे. आई गरम गरम तळून द्यायची. माझं उकडलेलं बघून तोंड वाकडं व्हायचं ते उगाच नाही! आणि बोल कोणाला? मला! चोराच्या उलट्या बोंबा.

सगळं तेल बाटलीत भरून वर आणलं.

१० मार्च
रविवारी सगळे माझ्याकडे जेवायला आहेत. तेव्हाच काढणार. मरू दे म्हातारीला लाजेने!

१४ मार्च
ठेवली बाटली, भर टेबलावर. सगळं सांगितलं. नणंद पांढरीफटक — "आई, हे तू दादाला...?" सासूबाईंनी मान खाली घातली. कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही. मी दोनदा वाढून घेतलं.

१५ मार्च
सकाळी सासूबाई जिना चढून आल्या, कठडा धरत. वाटलं, माफी मागतील. म्हणाल्या, "ते तेल परत दे गं. तो गेल्यापासून मी त्यातच करून खात होते, दोन्ही वेळा. तो माझ्या तेलाने गेला, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

म्हातारीने मरावं म्हणून मी टपले होते — आणि ती माझ्याआधीच त्या कामाला लागली होती.

बाटली दिली नाही. मोरीत ओतली.