बाबांचं कानाचं मशीन

प्रिय बाबा,

माझ्या विनोदी मालिकेतले बहिरे सासरे म्हणजे तुम्हीच, हे मी पाच वर्षं तुमच्यापासून लपवलं. आई “नळ गळतोय” म्हणाली आणि तुम्ही “कोण पळतोय?” करत दाराकडे धावलात, त्यावर तर माझा अख्खा भाग निघाला. लोक पोट धरून हसले. मला मात्र तो तुमच्या शेजारी बसून बघवेना.

आज सकाळी टॉवेल शोधताना तुमच्या कपाटात कानाचं मशीन सापडलं. आईला विचारलं, तर ती हळूच म्हणाली, “वर्ष झालं घेऊन. तू येणार असलीस की काढून ठेवतात. म्हणतात, पोरीला लिहायला काहीतरी मिळायला हवं.”

म्हणजे वर्षभर फक्त माझंच बोलणं तुम्हाला नीट ऐकू आलं नाही.

तेवढ्यात तुम्ही अंघोळ करून आलात. मी विचारलं, “बाबा, चहा टाकू?”

“दहा? छे, आत्ताशी नऊ वाजलेत!” म्हणालात, आणि मी वही काढते का ते चोरून बघितलंत.

विनोद बेताचाच होता. तरी मी तो लिहून घेतला. तेव्हा तुमचा चेहरा असा काही खुलला, की हे पत्र मी तुम्हाला कधीच देणार नाही.

तुमची,
घसा फोडून बोलणारी लेक